पाहिलेलं आणि पुसलेलं : टीव्हीच्या अभ्यासाचा एक आढावा

विद्यापीठात टीव्हीचा अभ्यास करायचा म्हणजे नेमका कशाचा करायचा, यावर अभ्यासकांचं आजवर एकमत झालेलं नाही. पडद्यावर दिसतं त्याचा, ते बघत बसलेल्या माणसांचा, की ते बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्याला परवाने देणाऱ्या संस्थांचा? साहित्यवाले पहिल्याकडे ओढतात, समाजशास्त्र आणि मानवशास्त्रवाले दुसऱ्याकडे, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रवाले तिसऱ्याकडे. या ओढाताणीमुळेच हा विषय जिवंत राहिला. मात्र तिघांनाही एक गोष्ट लागतेच : जे प्रक्षेपित झालं ते पुन्हा पाहता येणं. भारतात या अभ्यासाची सुरुवात जगाला हेवा वाटावा अशी झाली आणि मराठी टीव्हीपर्यंत येईतो मूळ वस्तूच हातून निसटली, असं माझं म्हणणं आहे.

जगात इतरत्र हा अभ्यास काळजीपोटी सुरू झाला. मुलांचं काय होणार, ही ती काळजी. इंग्लंडमध्ये हिल्डे हिमेलवाइट यांनी १९५८ साली मुलं आणि टीव्ही यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नॉर्विच शहरात प्रक्षेपण पोचण्याआधी आणि नंतर त्यांनी तिथल्या मुलांची पाहणी केली होती. कॅनडातल्या ‘नोटेल’ या टोपणनावाच्या गावाचा अभ्यासही याच धाटणीचा. हे गाव दरीत वसलेलं असल्यामुळे १९७३ पर्यंत तिथे टीव्हीच दिसत नव्हता. टॅनिस मॅक्बेथ विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्ही येण्यापूर्वी मुलांचं वाचन, खेळातली दांडगाई आणि मोठ्यांचा गावकामातला सहभाग तपासला, दोन वर्षांनी पुन्हा तपासला आणि फरक मांडला. अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून मालिकांमधल्या मारामाऱ्या आणि खून मोजायला घेतले. फार टीव्ही पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्याहून धोक्याचं वाटू लागतं, हा त्यांचा निष्कर्ष. त्यावर आकडेशास्त्राच्या अंगाने बरीच टीका झाली. तरी रात्रीच्या बातम्यांतली गुन्हेगारी पाहून दाराला दुसरी कडी लावणारी माणसं आपल्याही ओळखीची असतात, त्यामुळे गर्बनर यांचा मुद्दा सहजी झटकून टाकता येत नाही.

या सगळ्या अभ्यासांत टीव्ही म्हणजे बाहेरून येऊन माणसावर आदळणारी एक शक्ती होती. पडद्यावरच्या गोष्टीला रूप असतं, ती रचलेली असते आणि पाहणाऱ्यालाही स्वतःची अक्कल असते, हे मांडायला साहित्याची माणसं यावी लागली. १९७४ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचं. त्या साली अमेरिकेत होरेस न्यूकम यांनी टीव्हीला सर्वांत लोकप्रिय कला म्हणत त्यातल्या प्रकारांची समीक्षा केली आणि इंग्लंडमध्ये रेमंड विल्यम्स यांचं टीव्हीवरचं पुस्तक आलं. विल्यम्स केंब्रिजला नाटक शिकवत. काही वर्षं त्यांनी एका साप्ताहिकात टीव्ही परीक्षणंही लिहिली होती. अमेरिकेला बोटीने गेल्यावर मायामीच्या हॉटेलात ते एक चित्रपट पाहत बसले, तर मध्येमध्ये जाहिराती आणि पुढे लागणाऱ्या दुसऱ्याच चित्रपटांची दृश्यं. आपण नेमकं काय पाहिलं, हेच त्यांना वेगळं काढता येईना. त्यातून त्यांनी मांडलं की टीव्हीचं एकक एकेक कार्यक्रम नसून संध्याकाळभर चालणारा अखंड प्रवाह आहे. पुढचा सगळा अभ्यास या कल्पनेशी सहमत होत किंवा भांडत वाढला.

दुसरी मोठी झेप बर्मिंगहॅममधली. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली सांगितलं की बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण पाहणारा तो जसाच्या तसा उचलेलच असं नाही. तो मान्य करेल, तडजोड करून घेईल किंवा उलटा वाचेल. डेव्हिड मोर्ली यांनी हे माणसांत जाऊन पडताळलं. बीबीसीचा एक संध्याकाळचा वृत्तकार्यक्रम त्यांनी २९ गटांना दाखवला. बँकेतले व्यवस्थापक, शिकाऊ कामगार, कामगार संघटनांचे प्रतिनिधी, विद्यार्थी, सगळ्यांची वाचनं निराळी निघाली. त्यांतल्या काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मला सर्वांत बोलका वाटतो. कार्यक्रमाशी त्यांनी वादच घातला नाही, कारण त्यात त्यांच्यासाठी काही नव्हतंच. हॉल यांच्या तीन खणांत हा प्रतिसाद बसत नाही. पुढे मोर्ली यांनी दक्षिण लंडनच्या घरांमध्ये रिमोट कोणाच्या हातात असतो हे पाहिलं आणि बहुतेक घरांत तो बापाच्या हातात निघाला.

स्त्रीवादी अभ्यासकांनी तर या विषयाचा केंद्रबिंदूच हलवला. डेली सोप हा प्रकार कुणी वाचण्याजोगा मानत नव्हतं. टानिया मोडलेस्की यांनी दाखवलं की त्याची तुटक, पुन्हापुन्हा सांगणारी लय घरकाम करता करता पाहणाऱ्या बाईच्या दिवसाशी जुळवलेली असते. डोरोथी हॉब्सन यांनी बायकांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर ‘क्रॉसरोड्स’ ही मालिका पाहिली. इएन आंग यांनी नेदरलंडमधल्या एका स्त्रियांच्या मासिकात छोटी जाहिरात दिली : ‘डॅलस’ ही मालिका तुम्हाला का आवडते किंवा का आवडत नाही, कळवा. ४२ पत्रं आली. तेवढ्यावर त्यांनी जे पुस्तक उभं केलं ते आजही वाचावं असं आहे. ‘डॅलस’मधली श्रीमंती खोटी आहे हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं, त्यातलं दुःख मात्र त्यांना खरं वाटत होतं. आपल्याकडे ‘सासू-सुनांच्या मालिका’ म्हणून नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा हाती घ्यावं.

आता भारताकडे वळू, कारण इथे कहाणी वेगळ्या वाटेने गेली. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला तो करमणुकीसाठी नव्हे, सामूहिक दर्शनाच्या प्रयोगासाठी. त्याची परमावधी म्हणजे ‘साइट’ हा उपग्रह-प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘नासा’च्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत रोज चार तास कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक. ती राज्यं म्हणजे आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. प्रयोग उभा करण्यात मात्र कोल्हापूरला जन्मलेल्या एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता. जाळीची अँटेना लावलेला संच शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला असे आणि त्यासमोर गाव बसे.

या तंत्रज्ञानाच्या पराक्रमाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला मोलाचं वाटतं ते त्याच्या सोबतीला उभं केलेलं संशोधन. ‘इस्रो’ने प्रयोगात समाजशास्त्रज्ञ घेतले. बिनोद अगरवाल यांच्यासारखे मानवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी गावांत मुक्काम करून राहिले. टीव्ही येण्याआधीचं गाव, पहिल्या महिन्यांतली झुंबड, नवलाई ओसरल्यावर उरलेला प्रेक्षक, कोण पुढे बसतं आणि कोण मागे, बायका येतात की नाही, आल्या तर किती वेळ थांबतात, हे त्यांनी टिपलं. निरक्षर माणसांना, विशेषतः बायकांना, यातून आरोग्याची माहिती मिळाली, आणि ज्यांची पोटाची घाई होती त्यांच्या सवयी मात्र माहिती मिळाली म्हणून बदलल्या नाहीत, अशी संमिश्र नोंद त्यातून पुढे आली. मोर्ली यांच्या २९ गटांचा अहवाल १९८० चा. त्याआधीच आपल्याकडे माणसं खेड्यात जाऊन प्रेक्षक समजून घेत होती. जागतिक आढाव्यांच्या पुस्तकांत ही बाजू हक्काच्या जागी क्वचितच सापडते, कारण आपण ती सरकारी अहवालांत ठेवली आणि ती तिथेच राहिली.

गुजरातेतला खेडा प्रकल्प याच्याही पुढे गेला. पीज गावच्या छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक बोलीत, स्थानिक माणसांना घेऊन मालिका होत : वेठीचे प्रश्न, किमान वेतन, जातीतला अन्याय. संहिता लिहिण्याआधी संशोधक गावात जात, चित्रित झाल्यावर गावाला दाखवून पुन्हा सुधारत. १९८४ साली या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनासाठीचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षकाला विचारून कार्यक्रम बनवणं ही पद्धत देशभरच्या दूरदर्शनची होऊ शकली असती. पण १९८२ च्या आशियाई खेळांनी रंग आणि राष्ट्रीय प्रक्षेपण आणलं, प्रायोजक आले आणि दिल्लीचं केंद्र सगळ्यांवर पसरलं. पी. सी. जोशी समितीने १९८५ च्या अहवालात या केंद्रीकरणाविरुद्ध स्पष्ट बजावलं होतं. अहवाल उत्तम आहे, त्याची अंमलबजावणी झाली नाही.

‘हम लोग’ (१९८४-८५) या मालिकेने दुसरा धडा दिला. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या मालिकांच्या धर्तीवर कुटुंबनियोजनाचा संदेश गोष्टीत गुंफायचा, असा बेत होता. पहिले १३ भाग कंटाळवाणे ठरले, संदेश पातळ केला, गोष्ट पुढे आली आणि मालिका घराघरांत पोचली. सुमारे चार लाख पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी त्यांतल्या काहींचा अभ्यास केला. सोसत राहणारी आई, भागवंती, हिच्याकडे पाहून बायकांनी तसं वागू नये, हा हेतू होता. कित्येक प्रेक्षकांना मात्र तीच आदर्श वाटली. हॉल यांनी कागदावर मांडलेलं इथे पत्रांच्या गठ्ठ्यात दिसलं.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि भारतीय टीव्ही-अभ्यासाला राजकारणाशी थेट भिडावं लागलं. अरविंद राजगोपाल यांच्या २००१ च्या पुस्तकाने ही मालिका, रामजन्मभूमी आंदोलन आणि उदारीकरणाची बाजारपेठ यांची गुंतागुंत उलगडली. मालिकेमुळे आंदोलन झालं असं ते म्हणत नाहीत. वेगवेगळ्या भाषांतल्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या जनसमूहांना एकाच वेळी एक प्रतिमा मिळाली आणि तिचा वापर कोणी कसा केला, हे ते दाखवतात. पूर्णिमा मांकेकर यांनी दिल्लीतल्या कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत बसून ‘महाभारत’ पाहणाऱ्या बायकांचं ऐकलं. द्रौपदीच्या वस्त्रहरणाबद्दल बोलता बोलता त्या स्वतःच्या सासरबद्दल, बसमधल्या छळाबद्दल, भर सभेत गप्प बसणाऱ्या कर्त्या पुरुषांबद्दल बोलू लागतात. राष्ट्राची मालिका म्हणून प्रक्षेपित झालेलं दृश्य त्यांनी घराची तक्रार म्हणून वाचलं. मला विचाराल तर भारतीय टीव्हीवर लिहिलेल्या सर्वोत्तम पानांत ही पानं येतात.

महाराष्ट्र आणि गोवा या साहित्यात येतात ते बहुधा बाहेरच्यांच्या नजरेतून. कर्क जॉन्सन यांनी सह्याद्रीतल्या दानवली आणि राजपुरी या दोन गावांत राहून अभ्यास केला. २००० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात टीव्हीने जेवणाच्या वेळा, थोरा-लहानांचं नातं, वस्तूंची हाव आणि शहराची ओढ कशी बदलली, हे आहे. मराठी गावात टीव्हीसोबत हिंदीचं वजन कसं वाढलं, ही त्यांची नोंद विशेष. हे क्षेत्रकार्य खाजगी मराठी वाहिन्यांच्या आधीचं. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला आली. ‘आभाळमाया’ आणि नंतरच्या मालिकांनी त्या गावांतला भाषेचा तोल पुन्हा फिरवला का, हा प्रश्न कोणाही मराठी संशोधकाला साताऱ्याची एसटी पकडून विचारता येईल.

दुसरा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांचा. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी बिहार, गोवा, हरयाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या पाहण्या वापरून केबल आलेली गावं आणि न आलेली गावं यांची तुलना केली. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : केबल आल्यावर नवऱ्याने मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरच्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. त्या काळात केबलवर राज्य होतं ते सासू-सुनांच्या हिंदी मालिकांचं, ज्यांना समीक्षक एकमुखाने प्रतिगामी म्हणत होते. मग हे कसं झालं? पाठ्य, म्हणजे पडद्यावरची मालिका, वाचणाऱ्याला दागिन्यांनी मढलेली, पदर सावरणारी सून दिसते. खेड्यातल्या बाईला कदाचित त्याच दृश्यात शहरातलं घर, बोलणारी, बाहेर पडणारी, पैशांचे व्यवहार करणारी बाई दिसत असेल. ब्राझीलमध्येही असंच निघालं होतं : मोजक्याच मुलांची कुटुंबं दाखवणाऱ्या मालिकांचं प्रक्षेपण जिथे पोचलं, तिथे जन्मदर घटला. जेन्सन आणि ऑस्टर यांच्या आकड्यांवर पुढे फेरतपासणी होऊन आक्षेपही घेतले गेले. माझा आक्षेप वेगळा आहे. कोणती मालिका, कोणतं दृश्य, कोणता संवाद, याचा या पद्धतीत शोधच नाही. मांकेकरांकडे दृश्य आहे, आकडे नाहीत. अर्थशास्त्रज्ञांकडे आकडे आहेत, दृश्य नाही. दोन्ही गट एकमेकांना फारसे वाचत नाहीत, आणि हे नुकसान मोठं आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी दूरदर्शनच्या बातम्यांचा प्रेक्षक आणि राज्यसंस्था यांच्या नात्यावर १९९४ साली लिहिलं. पाठ्य, प्रेक्षक आणि सत्ता या तिघांना एका सूत्रात धरण्याचं असं काम आपल्याकडे दुर्मीळच.

प्रेक्षकाबद्दलचं सर्वांत ताकदवान ज्ञान मात्र विद्यापीठांत तयार होत नाही. आंग यांनी १९९१ च्या दुसऱ्या पुस्तकात दाखवलं की मोजणी करणाऱ्या संस्था प्रेक्षक शोधत नाहीत, विकता येईल असा प्रेक्षक घडवतात. आपल्याकडे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचं यंत्र वाहिनीच्या आवाजात मिसळलेली खूण ओळखतं आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असतं. २०२० च्या सुमाराला असं यंत्र लावलेली घरं ४४,००० च्या आसपास होती आणि देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या घरात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत थांबले. मालिका कधी गुंडाळायची, कोणतं पात्र मारायचं, वृत्तनिवेदकाने किती ओरडायचं, हे त्या आकड्यांवर ठरतं. तरीही ती मोजणी चालते कशी, मीटर लावलेल्या घरात संध्याकाळी काय घडतं, याचं निरीक्षण करणारा अभ्यास मराठीत माझ्या वाचनात आलेला नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. अमेरिकेत नॅशव्हिल शहरातले पॉल सिम्पसन हे विमा व्यवसायातले गृहस्थ. वृत्तवाहिन्या आपल्या बातम्या जपून ठेवत नाहीत, टेप पुसून पुन्हा वापरतात, हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठाला तयार केलं आणि ५ ऑगस्ट १९६८ पासून तिथे रोजच्या राष्ट्रीय बातम्या ध्वनिचित्रित होऊ लागल्या. १९७३ साली सीबीएस कंपनीने विद्यापीठावर दावा लावला. १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ग्रंथालयांना बातम्या नोंदवून ठेवण्याची मुभा मिळाली आणि दावा विरला. व्हिएतनाम युद्धाचं वार्तांकन अभ्यासणाऱ्या कितीतरी संशोधकांनी याच संग्रहावर काम केलं. बीबीसीनेही सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत असंख्य टेप पुसल्या; ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे हरवलेले भाग अजून शोधले जातात. फ्रान्सने १९९२ साली कायदाच केला : छापील पुस्तकाप्रमाणे रेडिओ-टीव्हीचं प्रक्षेपणही राष्ट्रीय संस्थेत जमा व्हायला हवं. संशोधक तिथे जाऊन ते पाहू शकतो.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. वाहिनीला मात्र परवान्याच्या अटींप्रमाणे प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवायची असते, आणि तीही तक्रार आली तर दाखवता यावी म्हणून. चित्रपटासाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याच पुण्यात १९७४ साली फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही विभाग दिल्लीहून आला. टीव्ही बनवायला शिकवणारी संस्था आणि चित्रपट जपणारी संस्था एकाच शहरात, पण सगळ्या वाहिन्यांचं प्रक्षेपण जपणारी संस्था देशात कुठेच नाही.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमांतून एका पिढीची भाषा आणि विनोदाची जाण घडली. रंगभूमीवरचे नट, आकाशवाणीचे आवाज आणि साहित्यिक इथे एकत्र आले. यातलं बरंचसं थेट प्रक्षेपित झालं, टेप महाग म्हणून त्याच टेपवर पुन्हा चित्रण झालं. जे उरलं त्यातलं थोडं यूट्यूबवर येतं, पण बहुधा तारखेशिवाय, श्रेयनामावलीशिवाय आणि मधल्या जाहिरातींशिवाय. विल्यम्स यांचा प्रवाह त्यातून कधीच गळून गेलेला असतो. नाट्यसमीक्षेची एवढी समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत टीव्हीच्या वाट्याला वृत्तपत्रातली सदरं आली. ‘चार दिवस सासूचे’ ईटीव्ही मराठीवर २००१ पासून अकरा वर्षांहून अधिक चालली, तीन हजारांवर भाग झाले. मराठीत कोणत्याही लेखकाला एवढा सलग श्रोता मिळालेला नाही. तिच्यावर प्रबंध लिहायचा तर सगळे भाग क्रमाने पाहायला मिळतील असं सार्वजनिक ग्रंथालय नाही.

ओटीटीने हा प्रश्न सुटला असा समज आहे. हव्या त्या वेळी हवा तो भाग दिसतो, म्हणजे सगळं जपलेलं आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात परवाना संपला की मालिका एका रात्रीत नाहीशी होते आणि कोणी काय पाहिलं याचा हिशोब कंपनीच्या कुलपात असतो. जेसन मिटेल यांच्यासारखे अभ्यासक आता गुंतागुंतीच्या कथनावर बारकाईने लिहितात. अमांडा लॉट्झ यांनी वाहिन्यांच्या युगाकडून या नव्या व्यवस्थेकडे होणारं स्थित्यंतर मांडलं. त्यांचं काम चांगलं आहे, पण त्यातलं बरंचसं महागड्या, समीक्षकप्रिय मालिकांभोवती फिरतं. संध्याकाळी साडेसातला चपात्या लाटताना एका कानाने ऐकली जाणारी मालिका पुन्हा अभ्यासाबाहेर जाते की काय, अशी मला धास्ती वाटते.

मराठीत आज हाताशी असलेलं एक साधन झपाट्याने संपत चाललं आहे, ते म्हणजे माणसं. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमातून महाराष्ट्रभर ज्ञानदीप मंडळं उभी राहिली होती : टीव्ही पाहून एकत्र येणारी, चर्चा करणारी, गावात उपक्रम करणारी मंडळं. खेडा प्रकल्पाइतकीच अभ्यासनीय अशी ही प्रेक्षकांची चळवळ. त्या मंडळांचे तेव्हाचे तरुण कार्यकर्ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काहींकडे इतिवृत्ताच्या वह्या असतील, छायाचित्रं असतील, दूरदर्शनकडून आलेली उत्तरं असतील. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या पत्रकारिता विभागांत दरवर्षी विद्यार्थी पदव्युत्तर प्रकल्प करतात. एकेका जिल्ह्यातली अशी मंडळं शोधून त्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणं, वह्यांची छायाचित्रं घेणं, आणि हे सगळं विद्यापीठाच्या ग्रंथालयात तारीखवार नोंदवून ठेवणं, हे काम पुढच्या सत्रापासूनही सुरू करता येईल.